चार नंबरच्या पीसीचा स्पीड

सायबर कॅफेच्या काउंटरवर चार वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. लोकांना वाटतं, सगळे हसण्यासारखेच असणार. माझ्याकडचे बहुतेक तसे नाहीत.

मालवण बाजारात मोहनशेठचं कॅफे होतं. पीसी आठ, लाईन एक. एकाने मोठी फाइल उतरवायला लावली की बाकीचे सात जण पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. म्हणून शेठने मला प्रत्येक पीसीला लिमिट लावायला सांगितलं. नळ कमी-जास्त सोडावा तसं. कोणाला किती सोडायचं, ते काउंटरवरून मी ठरवायचो.

*

पहिलं लिमिट लागलं प्रकाशला. रोज दोन-दोन तास डाउनलोड चालायचं, आम्ही त्याला ‘सिनेमावाला’ म्हणायचो. लिमिट लागल्यावर आठवडाभरात तो यायचा बंद झाला. पुढे वर्षभराने बंदरावर भेटला, जाळं शिवत होता. ते सिनेमे नव्हतेच, जहाजावरच्या नोकरीच्या परीक्षेचे धडे होते. तो म्हणाला, "अर्धे उतारले हुते. परीक्षेत नेमके रवलेले अर्धे इले."

*

एकदा माझ्या हातून चुकून शेठच्याच पीसीला लिमिट लागलं. शेठने टेलिफोनवाल्यांना तीन दिवस फोन करून भंडावलं. शेवटी एक वयस्क लाईनमन भर पावसात खांबावर चढला, भिजून उतरला आणि म्हणाला, "लाईन बरी आसा." शेठ त्याला नको ते बोलला. चूक मला तेव्हाच कळली होती. लाईनमनच्या चहाचे पैसे मी दिले, खरं काय ते मात्र सांगितलं नाही.

*

बारावीच्या रिझल्टला मी आठही पीसींना सारखा स्पीड दिला. कोणावर अन्याय नको! तासभर एकाचंही पान उघडलं नाही. मग इतरांना थांबवून एकेकाचं उघडायला लागलो. पहिलीच मुलगी गणितात गेली होती. तिची आई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "आणखी थोडो वेळ बंद रवला असता तर चालला असता."

*

शेवंतीकाकी मासे विकायची. नवरा नव्हता. एकुलता एक दिगंबर मस्कतला. दर रविवारी दुपारी ती चार नंबरला बसून कॅमेऱ्यावर त्याच्याशी बोलायची. मग ती आजारी पडली, रविवारचं येणं थांबलं. गोव्याला दाखवून आली, आणि दोन महिन्यांत चेहरा ओळखू येईना.

एका रविवारी ती परत आली, आधी काउंटरशी. "माझा तोंड तेका नीट दिसाक नको, असा कायतरी कर. बघल्यान तर काम सोडून येतलो."

"काकी, तेका सांगूक नको काय?"

"मगे सांगान. माका जरा बरा वाटला काय सांगान."

चार नंबरवरून बाहेर जाणारं चित्र मी पार आवळलं. आवाज तेवढा नीट जाऊ दिला. येणाऱ्या चित्राला हात लावला नाही. तिला तो स्वच्छ दिसायचा. त्याला ती नुसती चौकोनाचौकोनात. तो लाईनला शिव्या द्यायचा, ती म्हणायची, "हंयची लाईनच तशी रे." आणि त्याच्याकडे डोळे भरून बघत बसायची.

असे अकरा रविवार झाले. बारावा आला नाही.

दिगंबर आला तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर कॅफेत आला, आई कुठे बसायची ते विचारलं आणि चार नंबरला बसला. लिमिट मी ती गेली त्याच दिवशी काढलं होतं. त्याने मेल उघडला. क्षणात उघडला. दुसरं एक पान उघडलं, तेही तसंच. त्याने दोन्ही बंद करून परत उघडून बघितली.

"आज बरी चालता लाईन," तो म्हणाला.

"आज गिऱ्हाईक कमी आसा," मी म्हटलं.

त्याच्या मागे बाकड्यावर पाच जण नंबर लावून बसले होते.