रक्ताचा निकाल

ऐंशीच्या दशकातली सहा वर्षं मी एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलात हिवतापाचा कर्मचारी म्हणून काढली. माझ्याकडे अकरा गावं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावात जायचं, ताप कुणाला आहे ते विचारायचं, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, चार कडू गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि घराच्या भिंतीवर भेटीची तारीख लिहून पुढे निघायचं. काचपट्ट्या केंद्रावर जमा व्हायच्या. तिथून तपासायला जायच्या. निकाल यायचा तेव्हा यायचा.

माझं गाव वडशाकडचं, धानाच्या बांध्यांचं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. घरच्यांना वाटायचं, पोरगा डॉक्टरच्या हाताखाली आहे. गावोगावचे लोकही मला डाक्टरच म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं.

पावसाळ्यात सायकल अर्ध्या वाटेवर कुणाकडे तरी ठेवून पायी चालायचं. कमरेच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी धरायची, पायाच्या बोटांच्या बेचक्या कुजायच्या, सदऱ्याचा ओला वास दिवाळीपर्यंत जायचा नाही. मिळेल त्या घरी आंबील, भात, कधी वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी. दर दोन-तीन महिन्यांनी मलाही हुडहुडी भरायची. मग असेन तिथल्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, पडून राहायचो. तिथल्या आदिवासींची भाषा मला आली ती ताप, डोकं, उलटी आणि गोळी एवढीच. सहा वर्षांत त्या भाषेत मी कुणाला हसवलं नाही.

पाचव्या गावात एका म्हाताऱ्याची सपरी माझी मुक्कामाची जागा होती. बायको वारलेली, एकटाच राहायचा, बाजारापुरती मराठी बोलायचा. एका ज्येष्ठात त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आश्रमशाळेत चार वर्ग शिकलेली. मी भिंतीवर लिहीत असताना मागून तिने तारीख मोठ्यांदा वाचली, तेव्हा मी दचकलोच. त्या गावात माझं अक्षर आजवर कुणी वाचलं नव्हतं.

तिला ताप होता. मी रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर पुन्हा ताप. पुन्हा सुई.

"पहिल्या रगताचं काय निघालं, डाक्टरभाऊ?" तिने विचारलं.

"आलं नाई अजून."

"दर वेळी बोट टोचता, काच घेऊन जाता. मंग सांगत काऊन नाई?"

अकरा गावांत हा प्रश्न मला विचारणारी ती एकटी. खरं सांगायचं तर काचपट्ट्या तपासणारा माणूस रजेवर होता आणि दुसरा आला नव्हता. केंद्रावरच्या कपाटात खोकी साचली होती. हे मी तिला सांगू शकलो असतो.

तिसऱ्या फेरीला मी तिसरी काचपट्टी घेतली. सपरीत चार-पाच बाया बसल्या होत्या. तिने पुन्हा तेच विचारलं आणि मी घुटमळलो तशी हसून त्यांना काहीतरी बोलली. बाया खो खो हसल्या. मग मलाच तिने मराठीत सांगितलं, "मी म्हटलं, डाक्टरभाऊ आमचं रगत बजारात विकत असन!"

मला ते लागलं. मी म्हणालो, "काई नाई निघालं. तुझं रक्त साफ आहे."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग दवाखान्यात नाई जात मी," ती म्हणाली. "बाबा म्हणून राह्यला होता, नाला भरायच्या आधी खाटेवर टाकून नेतो. आता कायले?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात शब्द आले होते. पण बाया बघत होत्या. मी पिशवी उचलली आणि सहाव्या गावाची वाट धरली.

त्यानंतर नाला भरला तो ओसरेना. मीही अलीकडच्या गावात तापाने पडलो. वीस-बावीस दिवसांनी कसाबसा केंद्रावर पोचलो, तर तपासणारा रजेवरून परतलेला आणि निकालांचा गठ्ठा आलेला. तिच्या तिन्ही काचपट्ट्यांत जंतू होते. डोक्यात चढणारा ताप म्हणतात, तो. समोर लाल शाईने खूण केलेली. मी तो कागद खिशात घातला, औषधं घेतली आणि छातीभर पाण्यातून नाला ओलांडला.

म्हातारा सपरीत बसून मासे धरायचा झिला विणत होता. मला बघून त्याने बसायला जागा केली. घरातून काही आवाज नव्हता.

"पोरगी गेली," तो म्हणाला. "आठ दिस झाले. मले वळखत नोती. लेकरूबी पोटातच गेलं."

मी उभाच होतो. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"तू त काई नाई निघालं म्हटलं होतं, डाक्टर. मंग कायनं मेली?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. कागद माझ्या खिशात भिजून चिकटला होता.

"मालूम नाई, बाबा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, आत गेला आणि माझ्यासाठी आंबील घेऊन आला. मी ती प्यालो. नाही म्हणण्याचंही धैर्य झालं नाही.

केंद्रावर परत आल्यावर वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "उपचार पूर्ण, असं लिही. बाकी ठेवशील तर आपल्या दोघांनाही जाब द्यावा लागेल." नोंदवहीतल्या तिच्या तीन ओळींसमोर तीनदा मी तेच लिहिलं.

पुढेही फेऱ्या चालूच राहिल्या. सांगायचं असं ठरवून दोनदा गेलो. एकदा तो मासे धरायला गेला होता. मी वाट न पाहता निघालो. दुसऱ्यांदा अंगणात उन्हाला बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि तोंडातून आलं, "ताप आहे का कुणाले?"

"मी एकटाच त हाव," तो म्हणाला. "मले नाई."

मी शेजारच्या घरी गेलो. तिथे दोन लेकरं तापाने फणफणली होती. त्यांचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आणि त्यांच्या आईने काही विचारलं नाही म्हणून मनातल्या मनात तिचे आभार मानले.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारा धानोऱ्याकडे पुतण्याजवळ राहायला गेला. ते गाव माझ्या फेरीत नव्हतं. कळलं तेव्हा मला हायसं वाटलं.