आत्यांनी न चाखलेलं सूप

आत्यांच्या हातची कोंबडी खायला राहात्याहून पाहुणे यायचे, आणि आत्यांनी मात्र जन्मात रश्श्याचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ, ती लहानपणीच वडिलांनी घातलेली. घरामागे कोंबडीची वेगळी चूल, वेगळी पातेली. झाकण सारून त्या नुसता वास घ्यायच्या, की झाली कोंबडी. माळ घालून हे कसं चालतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "हाताला लागलं तर धुता येतं, बाई. जिभेचं काय धुनार?" मग नाकाचं काय, हे विचारायची माझी काही छाती झाली नाही.

सगळा कारभार नाकावरच. दूध नासणार असलं की त्यांना आदल्या रात्रीच कळायचं. माझा नवरा म्हणतो, कॉलेज बुडवून सिनेमाला गेलेलंही त्याच्या शर्टाच्या वासावरून पकडलं जायचं.

मुलगी तीन महिन्यांची असताना मला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. घास तोंडात फिरायचा, घशाखाली उतरायचा नाही. पंधरा दिवसांत मी वाळले आणि दूध आटत चाललं. पोर छातीशी यायची आणि रडून सोडून द्यायची. कशावर तरी वासना जातीय का, आत्यांनी विचारलं. मी म्हणाले, पुण्यात नोकरीला असताना थाई सूप प्यायचे, त्यावर. कोंबडीचं, नारळाच्या दुधातलं, आंबट-तिखट, गवती चहाच्या वासाचं. अंगावर पाजणाऱ्या बाईला आंबट-तिखट कसं द्यायचं म्हणून मामा, म्हणजे माझे सासरे, कुरकुरले. "उपाशी बाईला तरी कुठं दूध येतंय?" आत्या एवढंच म्हणाल्या.

मी मोबाईलवर कृती दाखवली. "ह्याला वास येतो का?" म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला. गवती चहा परसात होता, लिंबाची पानं होती, कोंबडी तर घरचीच. पण ज्या वासावर शिजवायचं तो वास त्यांना ठाऊक नव्हता, आणि मला ठाऊक होता तर माझं नाक बंद. दुसऱ्या दिवशी त्या मामांना घेऊन एसटीनं शिर्डी रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात गेल्या. थाई सूप मागवलं, वाटी पुढ्यात ओढली, डोळे मिटून वास घेतला, पुन्हा घेतला आणि वाटी मामांकडे सरकवली. वेटर म्हणे बघतच राहिला. पार्सलच का नाही आणलंत, असं मी घरी आल्यावर विचारलं.

"पार्सल एका दिसाचं. मला रोज करायचंय."

त्या दुपारी त्यांनी पाट्यावर आलं, मिरच्या आणि गवती चहा ठेचला. नारळ खवून दूध पिळलं. लिंबाची पानं चुरगाळून टाकली, वरून लिंबू. वाटी माझ्या हातात देऊन समोर बसल्या. मला ऊन काहीतरी घशाखाली जातंय, यापलीकडे काही कळलं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, आत्या, अगदी तसंच झालंय. आणि दोन वाट्या प्याले. मग महिनाभर ते रोजचं झालं. हळूहळू अंगात ताकद आली, दूध आलं, शेवटी चवही आली. तेव्हा कळलं, आत्यांचं सूप खरंच फक्कड होतं.

आत्या मागच्या वर्षी गेल्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मी आणि मामा ओसरीवर होतो. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, हे मी मामांना सांगून टाकलं.

"तिला ठावं हुतं," ते म्हणाले. "उरलेलं मी प्यालो, तर त्यात मीठच न्हवतं. तसं तिला म्हनलो नि तुला सांगाया उठलो, तर तिनं मला दारातच धरलं. म्हनली, गप बसा. पोरगी माझ्यासाठी पितीय, पिऊ द्या."

इतकी वर्षं मी समजत होते, की त्या दिवशी मी आत्यांचं मन राखलं. मी तिथंच ओसरीवर बसून पोटभर रडले.