रायरेश्वरची शिडी आणि खिशातली कॅप्सूल

रायरेश्वरला जाऊन आलो त्यानंतर दिवाळीसुद्धा होऊन गेली, आणि ब्लॉगवर लिहितोय आत्ता. उशिराबद्दल माफी असावी. शिक्षण सातवीपर्यंतचं, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला सूनबाईने शिकवलं ते आता कुठे बोटांत बसतंय. पण खरं कारण ते नाही. लिहायची लाज वाटत होती.

जायचं ठरलं वसंतरावामुळे. आम्ही दोघं एकाच फाउंड्रीत, साच्यांच्या त्याच काळ्या वाळूत उभे राहून निवृत्त झालो. त्याचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं ठरलं, तेव्हा वसंतरावाने येरवड्याचं घर विकलं आणि विमानाच्या दिवसापर्यंत आमच्याकडे कोथरूडला राहायला आला.

"बापू," तो म्हणाला, "आईचं माहेर रायरेश्वरच्या पठारावर. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून गेलो होतो. ते घर एकदा बघतो, मग कुठेही न्या मला."

मला फुप्फुसांचा जुना आजार आहे. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचं औषध दिलंय. प्लास्टिकच्या छोट्या यंत्रात कॅप्सूल घालायची, यंत्र फिरवलं की ती उघडते, आतली पूड तोंडाने जोरात ओढायची आणि मग चूळ भरायची. घरात सगळ्यांना माहीत. वसंतरावाला नाही. फाउंड्रीत टोपणनावं देण्याचं खातं त्याच्याकडे होतं. एक जण दम्याचा पंप ओढायचा, त्याला त्याने 'भाता' म्हटलं. निरोपसमारंभात साहेबसुद्धा स्टेजवरून भाताच म्हणाले. म्हणून वसंतराव घरी आला त्या दिवशी मी यंत्र कपाटात कपड्यांखाली सारलं. औषध चुकवायचीही भीती. मग कॅप्सूल सरळ पाण्याबरोबर गिळायला लागलो. पोटात गेली म्हणजे अंगात गेली, असं मी मनाला सांगितलं. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही.

भाड्याची इंडिका केली. पावसाळा सरत आला की पठारावर फुलं असतात, तेव्हाच जा. उजाडताच निघा, नाहीतर हायवेवर खेड शिवापूरच्या टोलला रांग लागते. कापूरहोळला उजवीकडे भोरचा रस्ता फुटतो. तिथे मिसळ खाल्ली आणि मी खिशातली कॅप्सूल काढून गिळली.

"कसली रे?"

"शक्तीची."

"मलाही दे, तिकडे लागेल. माझी सून म्हणते, अमेरिकेत भांडी सगळेच घासतात."

मी हसलो. हसताना खोकला आला, तो मिसळीच्या तिखटावर ढकलला.

भोर सोडलं की डावी-उजवीकडे भाताची खाचरं. कोर्ले गावापुढे घाट अरुंद आणि चढ असा, की ड्रायव्हर गप्प झाला. गाडी जिथे थांबते तिथून पायवाट, पायऱ्या आणि मग कड्याला लावलेली लोखंडी शिडी. वसंतराव पुढे, मी मागे. मध्येच छातीत कुणी वाळू भरतंय असं वाटलं. "फोटो काढतोय," असं म्हणून थांबत राहिलो. कॅमेरा तर गाडीतच होता.

वर पिवळ्या फुलांचा गालिचा आणि गार वारा. मला त्यातलं काही दिसेना. मी दगडावर बसलो, खांदे वर ओढून श्वास घेऊ लागलो. वसंतराव धावत आला. माझ्या खिशातून कॅप्सूलची पट्टी काढली, पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"घे तुझी शक्तीची गोळी. घे लवकर!"

"ती... गिळायची नसते."

"मग सकाळी गिळलीस ती?"

"ओढायची असते. यंत्रातून. यंत्र घरी आहे."

तो पट्टीकडे बघत राहिला. तेवढ्यात गुरं घेऊन चाललेला एक गावकरी थांबला. वसंतरावाने मामांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "घर ते काय, त्या झाडीपल्याड हाय. जाऊन या की. म्या बसतो ह्यांच्यापाशी."

वसंतरावाने झाडीकडे पाहिलं. मग माझ्या ओठांकडे.

"राहू दे. याला खाली न्यायला हात लावा."

शिडी उतरताना गावकरी खालच्या पायरीवर, माझा एकेक पाय धरून टेकवत. वसंतराव वर, माझी कॉलर मुठीत. पिठलं-भाकरी वर घरांतून मिळते असं ऐकलंय, चव सांगता येत नाही.

भोरला एका दवाखान्यात नाकातोंडावर मुखवटा लावून वाफ दिली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, फुप्फुसं पोटात नसतात. हे रोजचं औषध यंत्रातूनच रोज घ्यायचं. आणि दम लागल्यावरचा पंप वेगळा, तोही जवळ ठेवायचा." वसंतराव दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता.

परतताना गाडी कात्रजच्या बोगद्यात शिरली तेव्हा तो म्हणाला, "वहिनींना माहीत होतं?"

"हो."

"सूनबाईला?"

"हो."

"म्हणजे मलाच नाही."

मामांच्या घराचं नाव त्याने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. टॅक्सीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "औषध घे," एवढंच म्हणाला.

आता मी यंत्र बाल्कनीत, सगळ्या सोसायटीसमोर ओढतो. समोरच्या काकू आता बघतही नाहीत. जिने चढतो, खोकला कमी आहे. तुम्हाला असलं औषध असेल तर प्रवासाला यंत्रासकट न्या आणि सोबत्याला आधी सांगा, एवढं माझं ऐका. सूनबाई म्हणते, हिंजवडीच्या ऑफिसला सुट्टी असेल तेव्हा गाडीने नेते, मामांचं घर बघून फोटो पाठवू. मी नको म्हटलं. त्याच्या आजोळी त्याच्याआधी मी कोणत्या तोंडाने जाऊ?

वसंता, तुझ्या मुलाने हा ब्लॉग तुला उघडून द्यावा, असं सूनबाईने त्याला कळवलंय. तू पोहोचल्यापासून काहीच कळलं नाही. चिडला असशील तर तसं लिही. भाता म्हण. पण दोन ओळी टाक, लवकर.