छातीत अडकलेला घास

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे गप्पीदादा म्हणत. कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची. दुपारचा डबा मात्र तो पडद्यामागे एकटाच खायचा. चार घास झाले की अन्न छातीत अडकायचं. मग उभं राहून, मान ताणून, घटाघटा पाणी प्यायचं. तरी नाहीच उतरलं, तर जसंच्या तसं बेसिनमध्ये परत.

हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटे. घरी तो बायकोवरच डाफरायचा. "किती कोरडा हा भात! घशाखाली उतरत नाही." ती भात आसट करू लागली, भाजीत रस वाढवू लागली. तरी अर्धं ताट तसंच. सहा वर्षांत तिच्या हाताला चव नाही, असं नातेवाइकांत पसरलं. दादानं ते कधी खोडून काढलं नाही.

मुलीच्या सासरी जेवायला गेले, तेव्हा तिसरा घास अडकला. उठेपर्यंत सगळं टेबलावर आलं. विहीणबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आमचं काही चुकलं का?"

"छे हो," बायको टेबल पुसत म्हणाली, "सकाळी माझ्याच हातचं खाल्लंय. तेच बाधलं असेल."

दादाला मान वर करवेना.

दुसऱ्याच दिवशी तो पोटाच्या डॉक्टरांकडे गेला. नाकातून बारीक नळी घालून, पाण्याचे घोट देऊन तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिकेला घास खाली ढकलता येत नाही आणि तिच्या तळाची झडप उघडत नाही. स्वयंपाकाचा यात काही दोष नाही." बायको शेजारच्याच खुर्चीत होती. ती फाइलचे कागद सारखे करत राहिली.

दुर्बिणीतून फुगा घालून झडप ताणली. पुढे पुन्हा कधीतरी ताणावी लागेल, असंही डॉक्टरांनी सांगून ठेवलं. आता लहान घास, ताठ बसून जेवण, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

"तुझ्या हाताला नावं ठेवली मी," एका संध्याकाळी तो म्हणाला.

"सलूनचे टॉवेल मीच धुते," ती म्हणाली. "उलटीचा वास यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

त्यानं व्याह्यांना फोन लावला. आजाराचं सगळं सांगितलं. "आणि त्या दिवशी हिचं काही चुकलं नव्हतं," एवढं म्हणताना, एरवी न थांबणारा तो माणूस दोनदा अडखळला.