खोडी माह्या जॉबची, मेलं टोकनचं ॲप

गड्यांनो, आज सकाळी नोकरी जाता जाता वाचली.

मी गोरेगावकडच्या एका राईस मिलचा सर्व्हर पाहतो. धान आणणाऱ्या ट्रॅक्टरले टोकन देणारं ॲप त्याच्यावरच चालते. काल गमतीनं मी तिथं आपोआप चालणारा एक लहानसा प्रोग्राम, म्हणजे जॉब, लावला. दर दहा मिनिटाले वजनकाट्यावरच्या टीव्हीत, तिथंच हिशेब पाहणाऱ्या मुनीमकाकाचा मी मिशा रंगवलेला फोटो येऊन राहिला होता.

नवे जॉब सुरू होत गेले, जुने बंदच नाही झाले. मेमरी भरली का मशीन सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोग्रामले मारते, म्हणजे बंद पाडते. माहे जॉब लहान लहान, टोकनचं ॲप एकटंच मोठं. तेच मेलं. ट्रॅक्टर रोडपर्यंत उभे.

"काऊन रे, टोकन बंद अन् माहा फोटो चालू?" मुनीमकाका म्हणाले.

"काका, फोटो हलका आहे तुमचा."

"तुले करू का हलका?"

मी सारे जॉब मारले, ॲप उठवलं, जॉबले मेमरीची लिमिट लावली.

तेवढ्यात मालक आला. माही नोकरी जाईन म्हणून काका म्हणाले, "माह्याच हातानं काहीतरी दबलं." सारी बोलणी त्यांनीच खाल्ली.

जॉबले तं लिमिट लावली. मले कोण लावन, सांगा.