सुयांचा डबा

नव्वद सालच्या सुमारास मी ठाण्यात, खाडीजवळच्या एका सरकारी प्रसूतिगृहात नर्स होते. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे दिवस संपत आले होते. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि आमचं काम हलकं झालं. टाकायच्या म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. कचऱ्याची गाडी सगळं खाडीच्या कडेला ओतायची.

विचारलं ते आमच्या मावशीने. ती वॉर्डातली आया, कोलशेतकडच्या कोळी घरातली, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. ओहोटीला चिखलात शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचताना तिच्या जावेच्या पायात सुई घुसली. मावशीने ती कागदात गुंडाळून आणली आणि डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली. "ही आपलीच," एवढंच म्हणाली.

मॅडमनी हुकूम काढला नाही. सगळ्यांना एकत्र बसवलं. डॉक्टर, सिस्टर, आया, झाडूवाला, सगळे एकाच बाकावर. शनिवारी दुपारी चहा पीत आमच्या तीन-चार बैठका झाल्या. रक्ताचा कापूस वेगळा, सुया वेगळ्या, उष्टंखरकटं अंगणातल्या झाडांना. सुयांसाठी मावशीने घरून दुधाच्या पावडरचा डबा आणला, झाकणाला चीर पाडलेला. डबा भरला की सुया मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या खड्ड्यात. खाडीत काही जाणार नाही.

डबा झाकणासकट टाकू, असं मावशीचं म्हणणं होतं. मी अडवलं. गॉज धुऊन वापरायचं, हातमोजे पावडर लावून पुन्हा घालायचे, हेच मला शिकवलेलं. चांगले डबे पुरायचे म्हणजे नासाडी, आणि कचरा कमी करायलाच तर आम्ही बसलो होतो. सुया खड्ड्यात ओतायच्या, डबा धुऊन परत आणायचा, असं मी सुचवलं.

"सिस्टर, तुमच्या सुनेचं काय खरं नाय," मावशी म्हणाली.

सगळे हसले, मीही हसले. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. ठरलं ते माझंच. मावशीने विषय पुन्हा काढला नाही. एका बाकावर बसलो तरी मी सिस्टर होते आणि ती आया.

डबे ओतायचं कामही तिच्याकडेच आलं. वर्षभर सगळं नीट चाललं. मग एकदा तळाला अडकलेली सुई सोडवताना ती तिच्या अंगठ्यात गेली. तिने अंगठा नळाखाली धरला आणि संध्याकाळी जाताजाता मला सांगितलं. मी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या कामाला लागले. तीनेक महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी आधी झाडपाला केला, मग मोठ्या इस्पितळात नेलं. बाराव्या दिवशी ती गेली.

त्या सुईमुळेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं. मला त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्या सोमवारपासून डबे झाकणासकट खड्ड्यात जाऊ लागले. त्यासाठी बैठक घ्यावी लागली नाही.

तेरावं झाल्यावर मी तिच्या घरी गेले. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. सुई, डबा, मी काय म्हटलं होतं, सगळं त्याला सांगितलं. माफी मागायला गेले नव्हते. त्याला माहीत असायला हवं, असं वाटलं.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "घरी येऊन सांगायची, आमच्या सिस्टरला डबा टाकवत नाय. हसायची."

आतून सुनेने चहा आणून माझ्या हातात दिला. प्यावा की ठेवावा कळेना. शेवटी प्यायले, कप विसळून ठेवला आणि बसस्टॉपवर आले.