वीतभर पुढे

"वढू नोको, भाऊ," हे शेजारच्या काकांचं पालुपद. त्यांच्या कुत्रीच्या पट्ट्याला कोणी हात लावला की पाठमोरे असूनही त्यांना कळायचं.

नालवाडीत आमच्या शेजारी एकटे राहणारे हे काका भाजी पिकवत आणि वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकत. एका दिवाळीत कोणा हरामखोरांनी त्यांच्या कुत्रीच्या शेपटीला फटाक्यांची लड बांधली. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना. घरातच घाण करी आणि काका मुकाट्याने पुसत.

त्यांचा इलाज पाहून तुम्ही हसला असता. मीही हसलो. अंगणात पोतं अंथरायचं, कुत्रीकडे पाठ करून मेथीच्या जुड्या बांधत बसायचं आणि मधूनच, मागे न बघता, हळूच म्हणायचं, "ये." रोज पोतं वीतभर पुढे, फाटकाच्या दिशेने.

"आपण तिच्याकडे पाह्यलं का मंग तिले भेव लागते," ते सांगत.

ती निम्म्या अंगणापर्यंत आली तेव्हा मला राहवलं नाही. साखळी धरून तिला फाटकाबाहेर ओढलं. ती तिथेच मुतली आणि थरथरत घरात पळाली. काका रागावले नाहीत. पोतं उचलून त्यांनी पुन्हा उंबऱ्याशी टाकलं. मला त्याची आजही लाज वाटते.

त्यांच्याजवळ फारसे दिवस उरले नव्हते, हे मला त्यानंतर कळलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गळा सडला होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार होते.

"आवाज गेल्यावर इले कोण बलावीन? दुसऱ्याचं आयकत नाई ते."

नागपूरला न्यायला गाडी आली त्या सकाळीही पोतं फाटकापासून चार हात अलीकडेच होतं. गाडीत बसताना काका घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "येतो."

निघताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत. एकट्या माणसाला घरातून निघताना 'येतो' म्हणायचीही वेळ येत नाही. कुत्रीने त्यातलं 'ये' तेवढं ऐकलं. उंबरा, अंगण, फाटक ओलांडून ती शेपूट हलवत थेट रस्त्यावर आली. काकांनी काचेवर हात ठेवला. गाडी निघाली होती.

ऑपरेशननंतर ते आठवडाभर जगले, न बोलता.

कुत्री आता आमच्याकडे असते. बाहेर येते, हिंडते. पण घरातून निघताना मी सवयीने 'येतो' म्हटलं की ताडकन उठते आणि मला ओलांडून रस्त्याकडे धावते. मला ते बघवत नाही.

म्हणून मी 'जातो' म्हणतो. बायको चिडते. "असं अभद्र काऊन बोलता?" विचारते. मी खाली मान घालून चपला चढवतो आणि पुन्हा तेच म्हणून निघतो.